न आणलेली गोळी

माझी बायको पोलीस होणार होती. झाली नाही. त्याला जी काही कारणं झाली त्यांतलं एक मी आहे, आणि ते लहान कारण नाही.

आम्ही बुलढाण्याजवळच्या धाड या गावी राहतो. मी इथल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवतो. लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माहेर उंद्रीचं, घरी शेती, तीन बहिणींत ही मधली. शेवटचं वर्ष तिनं आमच्याकडे राहून पूर्ण केलं आणि त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. पुढची तीन वर्षं ती घरात होती. स्वयंपाक, माझी आई, लेकरू, आणि दुपारी शेजारणींचे ब्लाउज शिवून देणं. पोलिसात जायचं तिच्या मनात कधीपासून होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

मला कळलं ते देऊळघाटच्या एका लग्नात. तिच्या कॉलेजातली एक मैत्रीण तिथं आली होती, एकटी, स्वतःची मोटारसायकल चालवत. तिला पोलिसात लागून दोन वर्षं झाली होती. दोघी मांडवाच्या मागं खुर्च्या टाकून बसल्या त्या शेवटची पंगत उठेपर्यंत उठल्या नाहीत. परत येताना गाडीवर बायको माझ्या पाठीमागून म्हणाली, "मले बी भरती द्यायची हाय."

"कोनती?"

"पोलिसाची. माह्या वयाले अजून तीन-चार वर्षं हायेत. ती म्हने, उंची बसते तुही. पळनं तेवढं पाह्य."

मी म्हणालो, "पयले खाली उतरून टायर पाह्य. किती दबून राह्यलं."

ती हसली. बाळंतपणानंतर तिचं वजन वाढलेलंच होतं आणि मी असं काहीबाही नेहमी बोलायचो, म्हणून ती हसली असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं मला विचारलं की शाळेच्या मैदानाची किल्ली कुणाकडे असते.

किल्ली मला मिळण्यासारखी होती. तेव्हापासून आम्ही पहाटे साडेपाचला मैदानावर जाऊ लागलो. पहिले पंधरा दिवस ती ड्रेसवर ओढणी कमरेला गुंडाळून पळाली. मग बुलढाण्याहून ट्रॅकपँट आणि बूट आणले. घरून साडीवर निघायची, खेळाच्या सामानाच्या खोलीत कपडे बदलायची, आणि शाळेची मुलं येण्याआधी पुन्हा साडीत घरी. मी मोबाइलवर वेळ लावून उभा असायचो. भरतीच्या मैदानी चाचणीत, सगळे तिला ग्राउंडच म्हणतात, मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. पहिल्या दिवशी ती दोनदा थांबली, पोटाला हात लावून वाकली, आणि तशीच हसत सुटली. "लेकरू झाल्यावर मानूस इतका जड व्हते का हो?" असं म्हणाली.

मला वाटलं होतं तितकं आईला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "पळू दे. तेवढंच पोट उतरंन, अन् दुसऱ्या लेकराले जागा व्हईन."

आईला दुसरं हवं होतं, लवकर हवं होतं, आणि ती ते रोज कुठल्या ना कुठल्या वाटेनं बोलून दाखवायची. बायकोला इतक्यात नको होतं. तोवर आमचं काही नीट ठरलेलं नव्हतं. कधी निरोध, कधी तारखा मोजणं, कधी नुसताच भरवसा. आता तिनं सांगितलं, असं चालणार नाही, पक्कं काहीतरी करावं लागेल. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. मी बाहेर लिंबाखाली गाडीवर बसून राहिलो. आत बायकांची गर्दी होती आणि निम्म्याजणींची मुलं माझ्या वर्गात होती.

सिस्टरनं तिला सगळं दाखवलं होतं. रोजच्या गोळ्या, कॉपर-टी, तीन महिन्यांची सुई. गोळ्यांचं पाकीट आईच्या हाती लागलं असतं. कॉपर-टीची तिला भीती वाटली. सुई तीन महिन्यांतून एकदा, बाजाराच्या दिवशी घ्यायची, घरात कागदसुद्धा दिसायचं काम नाही. तिनं सुई निवडली. सिस्टरनं तेव्हाच सांगितलं होतं की पाळी मागंपुढं होते, कधी येतच नाही, आणि कोणाकोणाचं वजनही वाढतं, सगळ्यांचं नाही. बायकोनं हे मला गाडीवर बसता बसता सांगितलं. "माह्यं काऊन वाढंन? मी तं रोज पळून राह्यली," असंही म्हणाली.

सुरुवातीला वजन उतरत होतं. मी हौसेनं काचेचा काटा आणला होता, आकडे दिसणारा. पासष्टवरून ती एकसष्टवर आली. दुसऱ्या सुईनंतर ते थांबलं आणि मग उलटं फिरलं. त्रेसष्ट. पासष्ट. तिसऱ्या सुईनंतर सदुसष्ट. पळण्याची वेळही वाढली. चार मिनिटांच्या आत आलेली बाई पुन्हा चारच्या बाहेर गेली.

मला संशय आला की ती दुपारी काहीतरी खाते. आज हे लिहिताना लाज वाटते, पण मी भाकरी मोजल्या. सकाळी टोपल्यात किती होत्या आणि संध्याकाळी किती उरल्या. एकदा शेंगदाण्याच्या डब्याचं झाकण उघडून पाहताना तिनं मला धरलं.

"काय पाहून राह्यले?"

"काही नाई."

"मी चोरून खातो असं वाटते तुमाले?" तिचा आवाज चढला. मुलगी बाजूला खेळत होती ती टकामका पाहू लागली. "एक भाकर खातो मी. एक. तुमी तीन खाता अन् माह्यावर पहारा देता. त्या सुईनं होऊन राह्यलं हे. सिस्टरनं सांगतलं होतं."

त्या आठवड्यात आम्ही दोघंही दवाखान्यात गेलो. या वेळी मी आत गेलो, कारण तिनं गाडीवरून उतरून माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

सिस्टरनं कार्ड पाहिलं, तिला काट्यावर उभं केलं. म्हणाली, "सुईमुळंच वाढलं असं मी छातीठोक नाई सांगू शकत. पन वाढू शकते. अन् तुमचा जीव त्याच्यातच अडकला असंन तं आपन बदलून टाकू. तुमाले कॉपर-टी बरी. तिच्यात कोनतंच औषध नसते. वजनाशी तिचा काही संबंध नाई. एकदा बसवली की काही वर्षं पाहायचं काम नाई."

"तिच्यानं पळता येते?"

"पळता येते, गोळा फेकता येते, सगळं येते. पयले दोन-तीन महिने पाळीत जास्त जाईन, पोट दुखंन. मंग बसते अंगाले. जास्तच वाटलं तं माह्याकडं या."

बायकोनं जरा विचार केला. तिची भीती गेलेली मला दिसत होती. "मंग बसवून द्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी नव्हे. नुसतं, ऐकलं ना तुम्ही, अशा अर्थानं.

मी म्हणालो, "थांब."

का थांब, याचं खरं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एका शिक्षकानं कधीतरी हसत हसत सांगितलं होतं की कॉपर-टीचा दोरा पुरुषाला टोचतो. एवढंच. एवढं एक ऐकीव वाक्य माझ्या डोक्यात होतं. ते सिस्टरसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "ग्राउंडच्या आधी रक्त जास्त गेलं तर अशक्तपणा येईल तिला. गरज काय त्याची? मी सांभाळतो ना."

सिस्टरनं पेन खाली ठेवला. "सांभाळतो म्हंजे काय, सर?"

"निरोध."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिनं ड्रॉवरमधून पाकिटं काढली आणि बायकोच्या हाती न देता माझ्या हातावर ठेवली. "मंग ही जबाबदारी तुमची," ती म्हणाली. "अन् एक ध्यानात ठेवा. सुई सोडल्यावर दिवस राहाले कधीकधी वेळ लागते. सहा महिने, वर्षसुद्धा. पन त्याच्यावर विसंबू नका. कधी राहतीन सांगता येत नाई."

यातलं पहिलं अर्धं माझ्या लक्षात राहिलं.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

"नाई म्हंजे, आता चुकलं तं माही भरती गेली. म्हनून इचारलं."

पुढचे सात-आठ महिने चांगले गेले. आमच्या लग्नातले सगळ्यात चांगले तेच असं मला आताही वाटतं. शेवटच्या सुईचा अंमल उतरला तसं वजन हळूहळू हललं. तिनं रात्रीची भाकर सोडून मूग, काकडी असं काहीबाही सुरू केलं. मी तिला अभ्यासाची पुस्तकं आणून दिली, व्याकरण शिकवलं. ती म्हणायची, तुम्ही शाळेत असेच शिकवता का, मग पोरं पास कशी होतात? चौसष्ट, एकसष्ट, साठ. मैदानावर वेळ तीन मिनिटांवर येऊन ठेपली. भरतीची जाहिरात निघाली, अर्ज भरला, आणि एक दिवस ग्राउंडची तारीख आली. अडीच महिने हातात होते. माझा शब्दही मी तोवर पाळला होता. हे खरं आहे आणि त्याचा आता काही उपयोग नाही.

मग तो रविवार आला. त्या सकाळी ती दोन मिनिटं बावन्न सेकंदांत पळाली. मोबाइल तिला दाखवला तर तिचा विश्वास बसेना. ती मैदानात मातीवरच आडवी झाली आणि आभाळाकडे पाहून हसत राहिली. आई मुलीला घेऊन सकाळीच उंद्रीला बारशाला गेली होती. दुपारी घरात आम्ही दोघंच. मी चहा केला. तिनं गाणी लावली. बऱ्याच दिवसांनी घरात आम्हाला कुणाचं भान ठेवायचं नव्हतं.

पाकिटं चार दिवसांपूर्वीच संपली होती. मला माहीत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर फुकट पाकिटांची पेटी होती, पण समोर बाकावर पालक बसलेले असायचे. गावातल्या मेडिकलवाले दोघंही मला सर म्हणून नमस्कार करायचे. जाऊ, जाऊ म्हणत राहून गेलं.

तिनं विचारलं, "हाय ना?"

"संपलं."

"मंग नाई."

"अवं, सिस्टर म्हने नाई का, सुईनंतर वर्षभर काही व्हत नाई."

"विसंबू नका बी म्हने ती."

"एका वेळेनं काय व्हते?"

एरवी तिनं ऐकलं नसतं. पण त्या दिवशी ती फार खूश होती, आणि खूश असली की ती कुणालाच नाही म्हणत नसे. हे मला पाच-सहा वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक झालेलं होतं.

संध्याकाळी ती कणीक मळता मळता म्हणाली, "उद्या तुमी बुलढाण्याले जाऊन राह्यले ना शाळेच्या कामानं? मेडिकलवरून ती गोळी घेऊन या. तीन दिवसांच्या आत घ्या लागते. जितकी लवकर तितकी बरी, असं मैत्रीन म्हनत होती."

"हाव, आनतो."

सोमवारी मी बुलढाण्याला गेलो. काम अकराच्या आत झालं. बसस्टँडकडे येताना एका मेडिकलच्या पायऱ्या चढलो. काउंटरशी दोन बायका होत्या आणि त्यांच्या मागं शिक्षण खात्याच्या कार्यालयातले एक ओळखीचे बाबू. त्यांनी वळून पाहिलं. "अरे सर! इकडं कुठं?" मी म्हणालो, डोकं दुखतंय जरा. मग माझा नंबर आला तेव्हा मी बाम मागितला. बाबू अजून सुट्ट्या पैशांसाठी थांबलेले होते.

त्यांच्या जाण्याची वाट पाहता आली असती. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. बुलढाण्यात मेडिकलची काय कमी. मी धाडच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

वाटेत मी ठरवत होतो की घरी काय सांगायचं. दुकान बंद होतं म्हणालो तर ती उद्या पुन्हा पाठवेल. विसरलो म्हणालो तर भांडेल. जीप निम्म्या वाटेवर आली तेव्हा मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा बरंही वाटलं, हे मी लपवत नाही.

ती दारातच उभी होती. आई आत होती म्हणून हळू आवाजात म्हणाली, "आनली?"

"नाई आनली. विचारलं मी दुकानदाराले. तो म्हने, त्या एका गोळीत सुईपेक्षाही जास्त औषध असते. अंग फुगते. चार-पाच किलो सहज वाढतीन म्हने."

तिचा चेहरा उतरला. "खरंच?"

"हाव. ग्राउंड तोंडावर हाय. म्हनून मी म्हटलं, आधी तुले विचाराव. तूच ठरव."

दुकानदार काहीच म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलंच नव्हतं. त्या एका गोळीनं वजन वाढत नसतं, हे मला पुष्कळ नंतर सिस्टरनंच सांगितलं. पण वजन हा शब्द उच्चारला की बायकोचं पुढचं ऐकणं बंद होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिच्या मनात ती भीती घालण्यात माझाच हात होता. टायर दबण्याच्या गोष्टी मीच करायचो, भाकरी मीच मोजल्या होत्या.

ती आत गेली. काट्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न. पदर सावरत खाली उतरली आणि म्हणाली, "सिस्टरले विचारू का?"

"तिले कायले? मी सांभाळतो म्हटलं होतं तिच्यासमोर."

"हाव, ते बी हाय," ती म्हणाली. सिस्टरसमोर माझी लाज जाऊ नये, हे तिनं मनावर घेतलं. "राहू द्या मंग. नाई व्हनार काही."

बुधवार गेला. त्यानंतर गोळीचा विषय निघाला नाही.

सुई घेतल्यापासून तिची पाळी बेभरवशाचीच होती, त्यात पळणं वाढलेलं. म्हणून पाळी आली नाही तरी तिनं मनावर घेतलं नाही. पहाटे मैदानावर मळमळायचं. तिला वाटायचं उपाशी पोटी पळते म्हणून. मी ग्लुकोजचं पाणी द्यायचो. वजन अर्धा किलो वाढलं तर तिनं सकाळची भाकरही अर्धी केली. वेळ तीनच्या पुढे गेली. मी म्हणालो, झोप पुरी होत नाही तुझी.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी पेपर तपासत बसलो होतो. ती बाहेरून आली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"दवाखान्यात गेली होती. दिवस राह्यले."

मी पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. ती म्हणाली, "ग्राउंडले एक महिना अन् दोन दिवस हायेत. सोमवारी बुलढाण्याले चाला. सिस्टरनं चिठ्ठी देली. आईले काही सांगू नका."

"आपन जरा विचार करू..."

"मी केला," ती म्हणाली. "रस्त्यानं येता येता केला. तुमी नका करू."

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, वयस्कर, शांत. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी पाहिली, गोळ्यांनी होईल असं सांगितलं, काय काय होईल तेही सांगितलं. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "आधी कोणतं साधन वापरत होता?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"निरोध," मी म्हणालो.

"फाटला का?"

"हो."

बायकोनं मान खाली घातली.

एक गोळी तिथंच घेतली, बाकीच्या दोन दिवसांनी घरी. आईला पाळीचं सांगितलं. दिवसभर ती पोटाशी गुडघे घेऊन पडून होती. आईनं तिला साजूक तुपातला शिरा करून दिला. म्हणाली, "पळून पळून हाडं काढली तुही या मास्तरनं." बायकोनं शिरा सगळा खाल्ला. पुढं तेरा-चौदा दिवस रक्त जात राहिलं. मैदानावर पुन्हा उभी राहिली तेव्हा ग्राउंड दोन आठवड्यांवर होतं. मी म्हणालो, नको, राहू दे. ती बुटाची नाडी बांधत होती. वर न पाहता म्हणाली, "वेळ लावा."

ग्राउंडच्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबलो होतो. तिथं कितीतरी बाप, भाऊ, नवरे उभे होते. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. उन्हं चढल्यावर ती बाहेर आली. बूट काढून हातात धरलेले होते. गोळाफेक चांगली झाली म्हणाली. शंभर मीटर बरी.

"आठशे?"

"तीन मिनिटं नऊ सेकंद."

मी केळं पुढं केलं. तिनं घेतलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. यादी लागली तेव्हा ती तीन गुणांनी मागं होती. पुढची भरती निघायला इतका उशीर झाला की तोवर तिचं वय निघून गेलं. तिनं जाहिरात वाचली, वयाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोबाइल मुलीच्या हाती दिला.

कॉपर-टी तिनं ग्राउंडनंतरच्या महिन्यात बसवली. बाजारातून आली, भाजी ओतली आणि म्हणाली, "आज बसवून आली."

"मले सांगतलं नाई?"

"कायले?"

पहिले दोन महिने तिला त्रास झाला, मग थांबला. वजनाला कॉपर-टीनं काही झालं नाही. आणि ज्या दोऱ्यासाठी मी सिस्टरसमोर थांब म्हणालो होतो, तो मला इतक्या वर्षांत एकदाही कळला नाही.

आता ती बुलढाण्याला मुलींच्या एका वसतिगृहावर सुरक्षारक्षक आहे. निळा गणवेश, काळा पट्टा. सकाळच्या एसटीनं जाते. अंगानं पुन्हा भरली आहे आणि त्याबद्दल ती काही बोलत नाही, मीही नाही. मुलगी सातवीत आहे. आईनं दुसऱ्या लेकराचं बोलणं सोडून दिलं.

हे सगळं असंच मिटून गेलं असतं. पण गेल्या वर्षी एका रविवारी तिला फोन आला. तिच्यासोबत ड्युटीला असलेल्या, नव्यानंच लग्न झालेल्या एका पोरीचा. बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी भाजी चिरत होती, फोन खांद्याशी धरलेला. आधी नुसतं हं हं चाललं. मग मी तिचं बोलणं ऐकलं.

"ती गोळी? नको वं घेऊ. लय वजन वाढते तिच्यानं. चार-पाच किलो. माह्या घरच्यांनी मेडिकलवाल्याले विचारलं होतं ना."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. माझं खोटं सात वर्षं तिच्याजवळ खरं म्हणून राहिलं होतं आणि आता तिच्या तोंडून दुसऱ्या एका पोरीकडे चाललं होतं. फोन ठेवला तसा मी उठलो.

"तिले परत फोन लाव. ते खरं नाई."

"काय खरं नाई?"

"गोळीनं वजन वाढत नाई. मी मेडिकलवाल्याले विचारलं नव्हतं. गेलो होतो दुकानात. बाबू उभे होते तिथं, मले लाज वाटली. बाम घेऊन आलो. ते वजनाचं मी जीपमध्ये बसून बनवलं."

हातातली सुरी तिनं बाजूला ठेवली. मला वाटलं आता ओरडेल. तिनं मोबाइल घेतला आणि त्या पोरीला लावला.

"हॅलो, ऐक. मी चुकीचं सांगतलं. काही वजन-बिजन वाढत नाई. आत्ताच्या आत्ता घेऊन घे, उद्यावर ढकलू नको. नवऱ्याले नको पाठवू. सोता जा. नाई तं मी येतो संग."

फोन ठेवून ती म्हणाली, "लाज वाटते म्हनून सांगतलं असतं तं मी गेली असती मेडिकलवर. स्कार्फ बांधून. पंधरा मिनिटांचं काम होतं."

"हाव."

"अन् डॉक्टरीनबाईले फाटला म्हनले तुमी, तेव्हा मी काऊन चूप बसली? तुमचा मान राहावा म्हनून. सर हाय, बाहेर बाया बसल्या हायेत, म्हनून." तिचा आवाज वाढला नव्हता. "मी तुमच्यासाठी तेवढं केलं."

मी चुकलो, असं काहीतरी मी म्हणालो. ती सुरीकडे वळली आणि उरलेली भाजी चिरू लागली. जेवायला तिनं मला नेहमीसारखं वाढलं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीनं कामावर गेली. घरात जे लागेल ते मुलीकरवी सांगायची, दळण आणा म्हणावं, गॅस संपला म्हणावं.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले, पट्टा खुंटीला लावला. मी दारातल्या ओट्यावर बसलो होतो. आत जाता जाता ती थांबली.

"त्या पोरीची पाळी आली," ती म्हणाली, आणि आत गेली.